वालांना मोड येईपर्यंत

आमच्या घरी ईस्टरची सुरुवात गुरुवारी संध्याकाळी व्हायची, आणि ती पाण्यात व्हायची. आई पितळी पातेल्यात कडवे वाल भिजत घालायची. शुक्रवारी सकाळी ते उपसून बाबांच्या जुन्या लेंग्याच्या फडक्यात बांधायची, गच्च गाठ मारायची आणि ते गाठोडं पिठाच्या डब्यामागे, दिवसाही जिथे काही दिसत नसे अशा कोपऱ्यात ठेवून द्यायची. शनिवारी मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून सोलायचे आणि रविवारी उपासनेवरून आलं की ओवा, ओलं खोबरं, गूळ, आमसूल घालून त्यांचं बिरडं करायचं. खरं तर आई-बाबा दोघंही नगरकडचे. बाबांना भिवंडीत मास्तरकी मिळाली म्हणून ती इकडे आली, तोवर त्यांनी कडवे वाल पाहिलेसुद्धा नव्हते. शेजारच्या कर्णिककाकूंनी आईला बिरडं शिकवलं ते श्रावणातलं म्हणून. आईनं ते उचललं आणि थेट ईस्टरला नेऊन ठेवलं. काकू थट्टा करायच्या, "काय हो, तुमच्या येशूला आमचं बिरडं चालतं का?" आई म्हणायची, "वहिनी, दोन रात्री अंधारात काढून वर येतं ते. त्याला नाही चालणार तर कुणाला चालणार?"

आमची खोली लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, एका कारखान्याला पाठ लावून होती. भिंत एकच. पलीकडे चोवीस लूम आणि अलीकडे आम्ही. फळीवरचे स्टीलचे पेले दिवसभर एकमेकांना लागून किणकिणत असत, आणि सकाळी झाडलेल्या फरशीवर दुपारपर्यंत कापसाचा भुरा पुन्हा येऊन बसलेला असे. पाहुणे आले की पहिल्या रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागत नसे. आमचं उलटं होतं. आवाज चालू असला की आम्ही गाढ, आणि थांबला की जाग. शुक्रवारी कारखाने बंद असत, त्या दिवशी आमच्या चाळीत सगळी माणसं उगाचच मोठ्यानं बोलत. आईचा आवाज तर बारा महिने मोठाच. रविवारच्या उपासनेत गीत सुरू करायचं काम तिचं, कारण आमच्या पंधरा-वीस घरांच्या मंडळीकडे पेटी नव्हती. लूमच्या भिंतीशी राहून राहून तिला सवयच लागली होती, ती नेहमी एक पट्टी वर सुरू करायची. तिसऱ्या कडव्याला पुरुषमंडळींचे आवाज फाटत. पाळकसाहेब पंधरवड्यातून एकदा कल्याणहून येत, ते म्हणायचे, "बाई, प्रभू बहिरा नाही हो." आई पुढच्या खेपेला पुन्हा तेवढ्याच वरून सुरू करायची.

आईनं माहेरून आणलेली आणखी एक रीत घरात होती. आमच्यात भेटल्यावर 'सलाम' म्हणतात. पण उत्तम शुक्रवारी दुपारी तीन वाजता, प्रभूनं वधस्तंभावर प्राण सोडला ती वेळ झाली, की आमच्या घरात सलाम बंद आणि गाणंही बंद. ते थेट रविवारी पहाटे कबरस्थानातल्या उपासनेत, सगळ्यांसोबत, पुन्हा सुरू व्हायचं. मधला शनिवार रिकामा. त्या दिवशी मंडळीतली घरं कबरस्थानात जाऊन आपापल्या कबरी साफ करत, कडेच्या दगडांना चुना लावत, आणि घरी येऊन गप्प बसत. लहानपणी मला त्या शनिवाराचा मनस्वी कंटाळा यायचा. कुणी मरतही नाही आणि कुणी उठतही नाही, असा तो दिवस.

मग माझी धाकटी बहीण गेली. रूथ तिचं नाव, सहा वर्षांची होती. मी अकराची. भर पावसात ताप आला, तो डोक्यात गेला असं म्हणाले, आणि पाचव्या दिवशी सगळं संपलं. आमच्या दोघींत मिळून एक लाल रिबीन होती. एक दिवस तिची वेणी, एक दिवस माझी. ताप आला त्या दिवशी पाळी तिची होती आणि ती निजूनच आहे असं म्हणून मी रिबीन घालून शाळेत गेले. संध्याकाळी तिनं विचारलं, "एस्तूताई, उद्या दोन दिवसांची एकदम देशील?" मी म्हटलं, देईन. एवढंच. यात माझा काही अपराध नव्हता हे आता कुणीही सांगेल, मी स्वतःही सांगते. पण सत्तरी उलटली तरी लाल रिबीन दुकानात दिसली की मी दुसरीकडे बघते.

कबरस्थान टेमघरच्या पलीकडे, तेव्हा गावाबाहेर होतं. राखणदार दाऊदचाचा. भिवंडीतल्या जुन्या मुसलमान घरातला म्हातारा. कुंपणाला लागून त्याचा भेंडी-वांग्यांचा मळा होता आणि खड्डा खणायचं कामही तोच करायचा. त्या दिवशी एवढा पाऊस होता, की खड्ड्यातलं पाणी डब्यानं उपसावं लागलं. छत्र्यांच्या गर्दीत मला काहीच दिसलं नाही. ऐकू आलं ते पाळकसाहेबांचं एक वाक्य. ते म्हणाले, आपण हिला पुरत नाही, पेरत आहोत. बाबांनी लाकडी क्रूसावर पांढऱ्या रंगानं रूथचं नाव लिहिलं होतं, शाळेच्या फळ्यावर लिहायचे तसं, गोल आणि टपोरं. तो चिखलात रोवला आणि आम्ही घरी आलो.

आई रडली असती तर बरं झालं असतं. ती गप्प झाली. स्वयंपाक करायची, पाणी भरायची, विचारलं तर उत्तर द्यायची, पण आवाज असा की भिंतीपलीकडच्या लूमखाली तो कुठच्या कुठे जायचा. उपासनेत गीत सुरू करायची वेळ आली की ती मान खाली घालून बसे. शेवटी बाबा सुरू करू लागले. बाबांचा आणि सुराचा काही संबंध नव्हता. मंडळीतल्या म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत, पण मास्तरांना बोलायचं कसं? मला मात्र त्या बेसूर आवाजाचा राग यायचा, कारण तो संपेपर्यंत मी आईकडे बघत असे. वाटायचं, आता तिला सहन होणार नाही, आता ती उचलेल. तिनं उचललं नाही. बहीण गेली होती ती गेलीच होती, पण आई समोर बसलेली असून नव्हती, आणि मला ती परत हवी होती. त्या सगळ्या हिवाळ्यात दुसरं काहीही मी देवाकडे मागितलं नाही.

कबरीवर जायलाही ती तयार नव्हती. दसऱ्यानंतर पाऊस पुरता गेला तेव्हा बाबा एकटे जाऊन आले. आईनं विचारलं, "सापडली ना?" बाबा म्हणाले, "हो. क्रूस पडला होता, नीट लावला." त्यानंतर ते अधूनमधून रविवारी सकाळी जात. आई एवढंच म्हणायची, "मी ईस्टरच्या शनिवारी येईन. सगळे येतात तेव्हा." ती त्या एका दिवसाकडे डोळे लावून बसली होती. का, ते तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आता मी तिच्या तेव्हाच्या वयाच्या दुपटीहून मोठी झाले आहे, आणि मला वाटतं तिला एकटीनं त्या मातीसमोर जायचं नव्हतं. ज्या दिवशी सगळ्या मंडळीचीच माणसं मातीखाली असतात आणि दुसऱ्या दिवशी उजाडणार आहे असं सगळेच धरून चालतात, त्या दिवशी तिला जायचं होतं.

तो गुरुवार आला. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात डोकावले तर पातेल्यात वाल भिजत होते. मला एवढा आनंद झाला की मी बाबांना हाताला धरून दाखवायला आणलं. शुक्रवारी तिनं गाठोडं बांधलं. संध्याकाळी कारखाना बंद, घरात गाणं नाही, सलाम नाही, आणि मी पिठाच्या डब्यामागे हात घालून गाठ चाचपत होते. आई मागे येऊन उभी राहिली.

"सोडू नकोस गं."

"मोड आले का बघते फक्त."

"सारखं सोडून बघितलं की येत नाहीत. वारा लागतो. राहू दे अंधारात."

कित्येक महिन्यांत तिनं माझ्याशी बोललेलं ते सगळ्यात लांब वाक्य होतं.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं चुन्याची बादली आणि दोन कुंचे घेऊन गेलो. बाबा आम्हाला एका ढिगापाशी घेऊन गेले. क्रूसावरचं नाव थोडं फिकटलं होतं. आई खाली बसली. तिनं कडेचे दगड एकेक करून उचलले, पुसले, चुना लावून परत ठेवले. मला हात लावू दिला नाही. मग पदराच्या गाठीतून लाल रिबीन काढली. मी घरभर शोधलेली ती रिबीन इतके महिने तिच्याकडे होती. ती तिनं क्रूसाला बांधली, मातीवर तळवा ठेवला आणि हळू आवाजात बोलू लागली. कर्णिककाकूंच्या मांजरीला पिल्लं झाली. तुझी पाटी एस्तूनं फोडली, मी तिला रागावले. तुझी दोन दिवसांची रिबीन घे. मला ते ऐकवेना, म्हणून मी बादली उचलून पाणी आणण्याच्या निमित्तानं मळ्याच्या कडेला गेले.

दाऊदचाचा भेंडी तोडत होता. त्यानं कपाळावर हात धरून आईकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुमची अम्मा तिथं काय करते हाय?"

"माझ्या बहिणीची कबर आहे ना."

"ती तिथं न्हाय, पोरी." त्यानं कुंपणाजवळच्या शेवग्याकडे बोट दाखवलं. "ती तिकडं हाय, झाडाखाली. मीच खणलेला खड्डा, मला ठावं न्हाय? तिथं तर तो तेलुगू बुवा हाय. लूमवर कामाला होता, तुमच्यातलाच. त्याचा कोनी आला न्हाय कधी."

बाबा माझ्या मागे येऊन उभे होते. त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला. पावसानंतर कमरेएवढं गवत होतं, ते पुटपुटले. क्रूस मधेच कुठेतरी आडवा पडलेला. दोन ढीग होते. त्यातला एक त्यांना खरा वाटला, आणि आईनं 'सापडली ना' विचारल्यावर नाही म्हणायचा त्यांना धीर झाला नाही. त्यानंतर प्रत्येक रविवारी ते त्याच ढिगापाशी जाऊन उभे राहत होते, आणि रविवारी सकाळी भाजी घेऊन पडघ्याच्या बाजाराला जाणाऱ्या, क्रूसावरचं नाव वाचता न येणाऱ्या दाऊदचाचाला त्याचा पत्ताच नव्हता. तो उलट बाबांनाच बोलला, "मास्तर, मला वाटलं तुमी बच्चीला इसरले. मीच पानी घालतो मग."

बाबांनी माझा दंड धरला. "आईला सांगू नकोस. एस्तू, आजचा दिवस जाऊ दे. मी सांगेन." मी हो म्हणेपर्यंत त्यांनी दंड सोडला नाही.

ती दुपार अजून माझ्या अंगावर आहे. आईनं गाठोडं सोडलं. वालांना पांढरे, वाकडे, चांगले लांब मोड आले होते. परातीत कोमट पाणी घेऊन आम्ही दोघी सोलायला बसलो. दाण्याला चिमटीत धरून हलकं दाबलं की साल हातात राहते आणि आतला हिरवट दाणा सुळकन निसटतो. भिंतीपलीकडे लूम चालू होते, पेले किणकिणत होते, बाबा दाराशी पाठमोरे बसून वर्तमानपत्राचं एकच पान धरून होते. आईच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं होतं. ती सुखावली होती. म्हणाली, "बरं वाटलं गं बोलून. उद्या पुन्हा बोलेन." सांगितलं तर ती पुन्हा गप्प होईल, कदाचित कायमची. नाही सांगितलं तर ती जन्मभर एका परक्या माणसाला मांजरीच्या गोष्टी सांगत राहील, आणि रूथ शेवग्याखाली एकटी ऐकायची वाट बघत असेल. देवाला मी म्हटलं, काहीतरी कर. देव त्या शनिवारी काही बोलला नाही. शनिवारी तो बोलत नाही, हे मला पुढे आयुष्यात बऱ्याचदा कळलं. नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळून होता तेव्हाही घरात तीच दुपार होती, तेच सोलत बसणं. पण अकराव्या वर्षी मला वाटलं, त्याला माझं ऐकूच आलं नाही.

रविवारी पहाटे, उजाडायच्या थोडं आधी, सगळी मंडळी मेणबत्त्या घेऊन कबरस्थानात जमली. जो तो आपापल्या कबरीशी उभा. पाळकसाहेबांनी त्या बायकांची हकिगत वाचली, ज्या सुगंधी द्रव्यं घेऊन भल्या पहाटे प्रभूच्या कबरेकडे गेल्या आणि धोंड बाजूला सरलेली बघून घाबरल्या. आई पुन्हा खाली बसली होती. तिनं मातीवर हात ठेवला आणि तिचे ओठ हलू लागले. मी बाबांकडे बघितलं. बाबा मेणबत्तीकडे बघत होते. आणि माझ्या तोंडातून, पाळकसाहेब श्वास घ्यायला थांबले नेमक्या त्या वेळी, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं निघालं:

"आई, ती इथे नाही!"

पाळकसाहेबांनी पुस्तकातून मान वर केली, कारण पुढचं वाक्य देवदूताचं होतं, 'तो येथे नाही, तो उठला आहे', म्हणजे जवळपास हेच. मंडळीतल्या म्हाताऱ्या पुढे कित्येक वर्षं सांगायच्या की मास्तरांच्या पोरीच्या अंगी आत्मा आला. कसला आत्मा? मला ते पोटात ठेववत नव्हतं, एवढंच. मी हुंदके देत शेवग्याकडे बोट दाखवलं, बाबांनी अडखळत गवताची गोष्ट सांगितली, आणि आई ऐकत राहिली. तिचा हात अजून मातीवर होता. मी तिच्या चेहऱ्यावर ते जुनं गप्पपण परत येताना बघायच्या तयारीत होते.

"मग इथे कोण आहे?" तिनं विचारलं.

"एक तेलुगू कामगार," बाबा म्हणाले. "म्हातारा. लूमवर होता."

आईनं क्रूसाकडे बघितलं, रिबिनीकडे बघितलं. "अगं बाई," ती म्हणाली, "काल मी त्याला म्हटलं, केस नीट विंचरून घे."

आणि ती हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, आणि त्या हसण्यातूनच इतक्या महिन्यांचं रडणं धो धो बाहेर आलं. दोन्ही एकदम. बाबाही रडत होते. मंडळीला कळेना हसावं की प्रार्थना करावी. दाऊदचाचा आवाज ऐकून कुंपणाशी आला होता. त्या दिवशी नेमका तो बाजाराला गेला नव्हता. आई पदरानं तोंड पुसत उठली आणि त्याला म्हणाली, "चाचा, तुम्ही तिला कुठे ठेवलंय ते दाखवा."

"चला ना, ताई. तिथंच हाय. कुठं जाते?"

शेवग्याखाली छोटा ढीग होता, सभोवार त्यानं नदीतले गोटे लावले होते. रात्रभर शेवग्याची फुलं पडून सगळं पांढरं झालेलं. आमच्या कुंच्याची तिथे गरजच नव्हती. बाबांनी क्रूस आणून रोवला. आईनं रिबीन मात्र सोडवून घेतली, परत मागे गेली आणि म्हाताऱ्याच्या कबरीवर एका दगडाखाली ठेवली. "त्याला राहू दे," ती मला म्हणाली. "त्यानं सगळं ऐकून घेतलं बिचाऱ्यानं. तोही उठेल तेव्हा त्याला कुणाचं तरी काही असू दे." तिनं हे अगदी साधेपणानं म्हटलं, उद्या पाणी येईल म्हणावं तसं. रूथ उठेल, तो म्हातारा उठेल, आणि तोवर आपण चुना लावायचा. उपदेश मी जन्मभर ऐकले. पुनरुत्थानावर माझा विश्वास बसला तो त्या पहाटे, आईच्या त्या वाक्यानं.

मग तिनं सगळ्यांकडे वळून "सलाम" म्हटलं आणि गीत सुरू केलं. नेहमीसारखं एक पट्टी वर. तिसऱ्या कडव्याला पुरुषांचे आवाज फाटले आणि पाळकसाहेबांनी काहीही तक्रार केली नाही. पुढे दरवर्षी ईस्टरला मग्दालीची मरीया कबरीपाशी उठलेल्या प्रभूलाच माळी समजते तो भाग वाचायला लागले, की आई मला हळूच कोपर मारायची. दाऊदचाचा गेला तेव्हा ती त्याच्या मैतीला बायकांत बसून आली.

आता शेवगा नाही. मळ्याच्या जागी गोडाऊन आहे, आणि कंटेनर वळतात तेव्हा कबरस्थानाची भिंत हादरते. आई रूथच्या शेजारी आहे, बाबा तिच्या पलीकडे. जाण्याआधी ती म्हणाली होती, "माझी खूण पक्की कर हो एस्तू. नाहीतर बसशील कुणा भलत्याशीच बोलत." मी पक्की फरशी बसवली आहे. तरी दर ईस्टरच्या शनिवारी चार ठिकाणी चुना लावते, कारण म्हाताऱ्याचं अजून कुणी आलेलं नाही. मातीवर हात ठेवते आणि आईला सगळं सांगते. उत्तर येत नाही. तिच्या आवाजासाठी जीव तुटतो, आणि तो तुटतो हे लपवण्यात मला काही मोठेपणा वाटत नाही.

हे लिहिते आहे तो शुक्रवार आहे. तीन वाजून गेले. कारखाने बंद आहेत, घरात मी एकटी आहे, आणि सकाळी बांधलेलं गाठोडं पिठाच्या डब्यामागे आहे. मघापासून दोनदा उठले. दुसऱ्या वेळी तर गाठीवर बोटंसुद्धा ठेवली. मग म्हटलं, राहू दे अंधारात, आणि येऊन पुन्हा लिहायला बसले.